नांगरटीतले भंगार : इंग्लंडमधील धातुशोधनाच्या छंदाची दुसरी बाजू

इंग्लंड आणि वेल्समधील नांगरलेल्या शेतांतून हाती धातुशोधक यंत्र घेऊन फिरण्याचा छंद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला, आणि त्याविषयीचे बहुतेक लेखन आजवर सोन्याचांदीच्या निधींभोवतीच घोटाळत राहिले आहे. सफोक परगण्यातील हॉक्सन येथे १९९२ मध्ये मिळालेली जवळजवळ पंधरा हजार रोमन नाणी किंवा स्टॅफर्डशरमध्ये २००९ मध्ये सापडलेला सुमारे चार किलो सोन्याचा अँग्लो-सॅक्सन साठा यांची वर्णने पुन्हापुन्हा छापली गेली. परंतु या छंदाचा रोजचा व्यवहार पाहिला तर यंत्राच्या बहुसंख्य इशाऱ्यांखाली निघते ते गंजलेले खिळे, घोड्यांचे नाल, शिशाचे बेढब गोळे, काडतुसांची पितळी बुडे, गुंड्या आणि ॲल्युमिनियमचे चुरगळलेले पत्रे. या भंगाराचे काय करावयाचे, हा प्रश्न वरकरणी केवळ स्वच्छतेचा वाटतो. तथापि जमिनीतून निघालेला कोणता धातू भंगार आणि कोणता पुरावा, हे गेल्या पन्नाससाठ वर्षांत कधी यंत्राने, कधी न्यायालयाने तर कधी शेताच्या कडेला ठेवलेल्या बादलीने ठरविले असल्याने, त्या निवाड्यांचा इतिहास हा निधींच्या इतिहासापेक्षा अधिक बोलका ठरतो.

हा धातू शेतात आला कसा, हे आधी पाहिले पाहिजे. नांगराचा तुटलेला फाळ, बैलाघोड्यांचे साज आणि मजुरांच्या कपड्यांवरून गळून पडलेल्या गुंड्या ही त्याच जागेवरच्या कामाची खूण असली, तरी शेतातील पुष्कळसा धातू तेथे कोणी हरवलेला नसून गाडीत भरून आणलेला आहे. शहरांतील उकिरडा, राख आणि शौचकूपांतील मैला शेतांवर खत म्हणून पसरण्याची पद्धत इंग्लंडमध्ये मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होती, आणि त्या खताबरोबर शहरवासीयांच्या हरवलेल्या टाचण्या, बकला, टोपणे, नाणी आणि मातीच्या चिलमींचे तुकडे मैलोन्मैल दूरच्या शिवारांत जाऊन पडले. केंटमधील हॉप या वेलीच्या मळ्यांत लोकरी चिंध्यांचा चुरा खत म्हणून घातला जाई आणि त्या चिंध्यांत जुन्या गणवेशांचाही समावेश असे. त्यामुळे जेथे एकही सैनिक कधी उतरला नाही अशा मळ्यांत पलटणींच्या गुंड्या सापडतात. सापडलेल्या वस्तूवरून त्या जागेचा इतिहास सांगू पाहणाऱ्याने आधी खताचा इतिहास वाचावा, हे पथ्य त्यामुळे आवश्यक ठरते, आणि ते फार थोडे पाळतात.

यंत्राची जन्मकथा थोडक्यात सांगता येते, कारण तिचा भंगाराशी संबंध शेवटच्या टप्प्यावरच येतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी विद्युत्-प्रवर्तनावर चालणारे उपकरण वापरले, ते अयशस्वी ठरले. गेरहार्ड फिशर यांनी १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात असेच यंत्र विक्रीस आणले. आणि दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने स्कॉटलंडमध्ये सिद्ध केलेले सुरुंगशोधक १९४२ मध्ये एल अलामेनच्या वाळवंटात उपयोगी पडले. युद्धानंतर सैन्याकडची अशी जड यंत्रे स्वस्तात विकली गेली, आणि ट्रान्झिस्टर आल्यावर १९६० च्या दशकात हलकी, बॅटरीवर चालणारी यंत्रे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

सुरुंगशोधकाला लोखंड हवे होते, छंदाला ते नको होते. येथूनच भंगाराचा पहिला निवाडा सुरू झाला. यंत्राच्या वेटोळ्यातून वाहणारा उलटसुलट प्रवाह जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, त्यामुळे गाडलेल्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात, आणि त्यांचे प्रत्युत्तर किती विलंबाने व कोणत्या स्वरूपात परत येते यावरून त्या वस्तूची वाहकता, आकार आणि ती चुंबकीय आहे किंवा नाही यांचा अंदाज बांधता येतो. १९७० च्या दशकात या तत्त्वावर नको त्या धातूचा आवाजच दाबून टाकणारी सोय यंत्रांत आली. तिला छंदाच्या परिभाषेत ‘डिस्क्रिमिनेशन’ म्हणतात, आणि मराठीत तिला निवड किंवा गाळणी म्हणता येईल. गाळणीचे बटण फिरविले की लोखंडावरून यंत्र मुकाट्याने पुढे जाऊ लागले, आणि दिवसभर खिळे उपसण्याचा जाच संपला. सराफकट्ट्यातील गटारांची माती धुऊन सोन्याचे कण वेचणाऱ्या झारेकऱ्याला उरलेल्या गाळाशी काही कर्तव्य नसते. या नव्या छंदाची दृष्टीही नेमकी तशीच होती, आणि यंत्र बनविणाऱ्यांनी ती तारांच्या वेटोळ्यात कायमची बसवून दिली.

याचा परिणाम आजही मोजता येतो. शोधकांनी स्वेच्छेने दाखविलेल्या वस्तूंची नोंद करणारी ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ ही योजना १९९७ मध्ये काही परगण्यांत प्रायोगिक रीतीने सुरू झाली आणि २००३ मध्ये संपूर्ण इंग्लंड-वेल्समध्ये पसरली. २०२० पर्यंत तिच्या नोंदींत पंधरा लाखांवर वस्तू जमा झाल्या. मात्र या प्रचंड संग्रहात तांब्याच्या मिश्रधातूंची, चांदीची आणि शिशाची रेलचेल असून लोखंडी वस्तूंचे प्रमाण अगदीच तोकडे आहे. रोमन काळापासून पुढे शेतावर, भट्टीवर आणि लढाईत सर्वाधिक वापरला गेलेला धातू लोखंड हाच होता, हे लक्षात घेतले तर ती उणीव भूतकाळातली नसून गाळणीतली आहे, हे उघड होते. त्यातच ही योजना सर्वसाधारणपणे १७०० पूर्वीच्याच वस्तू नोंदविते आणि नंतरच्या वस्तूंपैकी निवडक तेवढ्या घेते. म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील शेतमजुरांच्या गुंड्या आणि बकला यांना बादलीखेरीज दुसरे ठिकाण बहुधा नसते.

गाळणीला एका धातूने मात्र कायम चकविले. ओहायो राज्यातील अर्मल फ्रेझ यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी पेयाच्या डब्यावर ओढून काढावयाची कडी बसविली, आणि पुढची दोनअडीच दशके जगभरच्या सहलीच्या जागा, समुद्रकिनारे आणि शेताचे बांध या ॲल्युमिनियमच्या कड्यांनी भरून गेले. यंत्राच्या दृष्टीने अशी कडी आणि सोन्याची अंगठी यांची वाहकता व आकार इतके जवळचे असतात की एकीचा आवाज बंद केला तर दुसरीही हातची जाते. म्हणून ज्याला सोने हवे त्याला कड्या उपसण्यावाचून गत्यंतर नाही, आणि बीबीसीच्या ‘डिटेक्टरिस्ट्स’ या २०१४ मध्ये सुरू झालेल्या मालिकेतील नायकांना हाती हेच लागत राहावे, यात अतिशयोक्ती फारशी नाही.

दुसरा निवाडा कायद्याचा. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यात ‘ट्रेझर ट्रोव्ह’ म्हणजे राजाच्या मालकीचा निधी. परंतु त्यासाठी वस्तू सोन्याची किंवा चांदीची असणे आणि पुन्हा काढून घेण्याच्या हेतूने ती पुरलेली असणे, अशा दोन अटी होत्या. तांबे, कासे, शिसे किंवा लोखंड कितीही जुने असले तरी या व्याख्येबाहेर राही. या व्याख्येची कसोटी लिंकनशरमधील कोलबी येथील ७,८११ रोमन नाण्यांवर लागली. १९७५ मध्ये सापडलेली ही तिसऱ्या शतकातील नाणी दिसायला चांदीची जात सांगणारी असली, तरी त्या काळच्या रोमन चलनात चांदी नावापुरतीच उरली होती. आणि लॉर्ड डेनिंग ज्यात होते त्या अपील न्यायालयाने, वस्तूत सोन्याचांदीचा अंश भरीव असला पाहिजे, असे ठरवून ही नाणी निधी नव्हेत असा निर्णय दिला. अशा रीतीने रोमन राज्यकर्त्यांनी दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी चलनात केलेली भेसळ विसाव्या शतकातल्या मालकीहक्काचा पाया ठरली.

मराठी वाचकाला येथे एक विसंगती जाणवण्याजोगी आहे. त्याच ब्रिटिश सत्तेने हिंदुस्थानासाठी १८७८ मध्ये जो निधीविषयक कायदा केला, त्यात धातूची अटच नव्हती. जमिनीत दडलेली कोणतीही मूल्यवान वस्तू निधी मानली गेली, आणि तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर जिल्हाधिकाऱ्यास कळविणे सापडविणाऱ्यावर बंधनकारक झाले. १९७४ मध्ये प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे झाडाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार भरीव ओतकामाची शिल्पे सापडली, तेव्हा साठ किलोंहून जड असलेला हा ऐवज सरकारजमा होऊन अभ्यासकांपर्यंत पोहोचला. त्याच वर्षी असाच ऐवज इंग्लंडमधील एखाद्या शेतात निघाला असता, तर सोनेचांदी नसल्याने राजसत्तेला त्यावर हक्क सांगता आला नसता, आणि तो वितळविण्यास जमीनमालकाला कायद्याची आडकाठी नसती. वसाहतीसाठी केलेला कायदा मायदेशातल्या कायद्यापेक्षा या एका बाबतीत शंभर वर्षे पुढे होता. अर्थात त्यामागे पुरातत्त्वाची कळकळ किती आणि महसुलाची दृष्टी किती, हा प्रश्न वेगळा.

इंग्लंडमध्ये ही दरी ‘ट्रेझर ॲक्ट, १९९६’ या कायद्याने भरू लागली. तो सप्टेंबर १९९७ पासून अमलात आला. वस्तू तीनशे वर्षांहून जुनी आणि तिच्यात सोन्याचांदीचा अंश किमान दहा टक्के, ही सर्वसाधारण कसोटी ठरली. नाण्यांतील मौल्यवान धातू त्याहून कमी असेल तर एकत्र सापडलेली किमान दहा नाणी निधी मानली जाऊ लागली, म्हणजे कोलबीची नाणी आता निधी ठरली असती. असा शोध चौदा दिवसांच्या आत कोरोनरला कळवावा लागतो. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे हे पद एकेकाळी मुंबईतही होते, आणि मृतदेहांबरोबर निधीचाही निवाडा त्यानेच करावा ही मध्ययुगीन इंग्रजी व्यवस्था नव्या कायद्याने तशीच ठेवली. २००३ पासून प्रागैतिहासिक काळातील साध्या धातूंच्या दोन किंवा अधिक वस्तू एकत्र मिळाल्या तर त्याही निधीत आल्या. एकट्यादुकट्या कांस्यवस्तूची पळवाट मात्र उरली होती, आणि २०१० मध्ये कंब्रियातील क्रॉस्बी गॅरेट येथे तुकड्यांच्या रूपात सापडलेले रोमन घोडेस्वाराचे शिरस्त्राण त्याच वाटेने लिलावात जाऊन सुमारे २२.८ लाख पौंडांना एका खासगी ग्राहकाकडे गेले, कारण त्याचा धातू तांब्याचा मिश्रधातू होता. ही पळवाट बुजायला आणखी तेरा वर्षे लागली : जुलै २०२३ पासून दोनशे वर्षांहून जुनी, अपवादात्मक महत्त्वाची धातुवस्तू कोणत्याही धातूची असली तरी निधी ठरू शकते.

कायदा असा हळूहळू सरकत असताना शेतात वेगळाच तंटा चालला होता. १९७९ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याने संरक्षित स्थळी परवानगीवाचून धातुशोधक वापरण्यास बंदी केली, १९८० मध्ये पुरातत्त्वज्ञांनी या छंदाविरुद्ध ‘स्टॉप’ नावाची मोहीम उघडली, आणि १९८१ मध्ये शोधकांनी स्वतःची राष्ट्रीय परिषद स्थापन केली. ज्यांना लुटारू ठरविले जात होते त्यांनी आपली समाजोपयोगिता दाखविण्यासाठी नेमका भंगाराचाच आधार घेतला. गंजलेले लोखंड आणि कचरा खड्ड्यात परत न टाकता जवळच्या कचरापेटीत टाकावा, त्याने परिसराची सेवा होते आणि पुढच्या वर्षी आपलाच त्रास वाचतो, असा उपदेश त्यांच्या आचारसंहितेत आला. हेतू निर्मळ होता, आणि गुरांच्या खुरांत रुतणारी तार किंवा कापणीयंत्रात अडकणारा लोखंडी तुकडा निघून गेल्याने शेतकऱ्याचेही भले झाले. परंतु त्या कचरापेट्यांत काय काय गेले असेल, याची कल्पना रणभूमींच्या अभ्यासाने नंतर आणून दिली.

१९८३ मध्ये अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नच्या रणांगणावरचे गवत वणव्यात जळाले, त्यानंतर डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी हौशी शोधकांच्या यंत्रांची रांग लावून १८७६ च्या लढाईतील गोळ्या आणि पुंगळ्या जागच्या जागी नोंदविल्या. सुट्या धातूच्या तुकड्याला अर्थ त्याच्या ठिकाणामुळे येतो, हे तेथे स्पष्ट झाले. इंग्लंडमध्ये नेझबी येथील १६४५ च्या लढाईच्या शेतांत शोधकांनी वर्षानुवर्षे वेचलेल्या शिशाच्या गोळ्यांची जागा नकाशावर मांडली गेली, तेव्हा पराभूत राजपक्षाची पाठ घेत झुंज मूळ मैदानाच्या उत्तरेकडे कशी सरकत गेली, हे दिसू लागले. अशी गोळी दिसायला करड्यापांढऱ्या खड्यासारखी असते, परंतु तिचे वजन हीच तिची ओळख. त्या काळच्या तोड्याच्या बंदुकीच्या बारा गोळ्यांचा एक पौंड होई, घोडेस्वाराच्या लहान बंदुकीची आणि पिस्तुलाची गोळी त्याहून हलकी असे, आणि म्हणून तराजू व नकाशा एवढ्या दोनच साधनांनी पायदळ कोठे उभे होते आणि घोडदळ कोठून आले हे ताडता येते. गोळ्या एका बादलीत गोळा झाल्या की मात्र उरते ते केवळ शिसे.

बॉस्वर्थच्या बाबतीत तर संपूर्ण रणभूमीच जागा बदलून बसली. १४८५ मध्ये तिसरा रिचर्ड जेथे मारला गेला ती लढाई ॲम्बियन टेकडीवर झाली असे दीर्घकाळ मानले जाई. ग्लेन फोर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली २००५ पासून झालेल्या पाहणीत तीसहून अधिक शिशाचे गोळे आणि सोन्याचा मुलामा दिलेला रानडुकराचा चांदीचा बिल्ला, जे रिचर्डचे चिन्ह होते, हे सारे टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटर अंतरावर मिळाले. शिशाने येथे इतिहासकारांचा नकाशा दुरुस्त केला. टाउटनच्या १४६१ च्या रणांगणाची गोष्ट त्याहून शिकविणारी आहे, कारण तेथील पुरावा लोखंडी बाणाग्रांचा होता आणि ती मिळाली ती केवळ लोखंड गाळण्याची सोय बंद ठेवून, एकेक खिळा उपसण्याची तयारी दाखविल्यामुळे. इतर किती मध्ययुगीन रणभूमींवरची बाणाग्रे गाळणीने वगळली आणि किती गंजक्या खिळ्यांबरोबर पेटीत गेली, हे आता सांगण्याचे साधन उरलेले नाही.

शिशाचा आणखी एक प्रकार भंगाराच्या बादलीत सहज जाण्याजोगा आहे. कापडाच्या ताग्याला त्याची लांबीरुंदी आणि प्रत तपासून, कर भरल्याची खूण म्हणून, शिशाची दोन चकत्यांची मोहोर डकविण्याची पद्धत इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकापासून होती व ती तपासणी १७२४ मध्ये रद्द झाली. चेपलेली, कडा तुटलेली ही मोहोर पत्र्याच्या तुकड्याहून वेगळी दिसत नाही. परंतु तिच्यावरील पुसट अक्षरांवरून कोणत्या गावचे किंवा परदेशातील कोणत्या शहराचे कापड कोणत्या बाजारात पोहोचले, हे कळते. जर्मनीतील आउग्सबुर्गच्या सुती कापडाच्या मोहोरा इंग्लंडच्या मातीत निघाल्या आहेत, आणि कापड तर केव्हाच कुजून गेले आहे.

या साऱ्या प्रकरणात एक विनोदही दडलेला आहे. ज्या निधींचे कौतुक होते, त्यांतील अनेक निधी मुळात भंगारच होते. केंब्रिजशरमधील आयलम येथे १९५९ मध्ये मिळालेल्या साडेसहा हजारांहून अधिक कांस्यतुकड्यांत मोडक्या तलवारी, भाल्यांची टोके आणि ओतकामातले उरलेले गोळे आहेत. लंडनच्या पूर्वेस हेवरिंग येथे २०१८ मध्ये निघालेल्या ४५३ वस्तूंचे वजन ४५ किलो असून त्यांतील बहुतेक वस्तू जाणूनबुजून तोडलेल्या आहेत. पुनःपुन्हा वितळविण्यासाठी जमविलेली ही मोड आहे असे एक मत, तर देवतेला अर्पण करण्यासाठी मोडून पुरली असे दुसरे. दोन्ही गोष्टी एकाच समाजात नांदू शकत नाहीत असे मानण्याचे कारण दिसत नाही. स्कॉटलंडमधील ट्रॅप्रेन लॉ टेकडीवर १९१९ मध्ये मिळालेली वीस किलोंहून अधिक रोमन चांदी ताटवाट्यांचे तुकडे करून, चेपून ठेवलेली होती, आणि लँकेशरमधील क्युअरडेल येथे १८४० मध्ये निघालेल्या व्हायकिंगांच्या साठ्यात नाण्यांबरोबर कडी-कांबींचे छाटलेले तुकडे होते, कारण त्या व्यवहारात चांदीचे वजन मोजले जाई, घडणावळ नव्हे. मोडीच्या भावाने विकल्या जाणाऱ्या दागिन्याचा हिशेब मराठी घरांना परिचित असल्याने हा व्यवहार उलगडून सांगण्याची गरज नाही.

आजचा शोधक भंगार विकावयास निघाला, तर त्याला दोन प्रश्न आडवे येतात. पहिला मालकीचा. फार्नम येथील उद्यानात सापडलेल्या मध्ययुगीन सोन्याच्या पिनेवरून १९९५ मध्ये अपील न्यायालयाने असे ठरविले की जमिनीत रुतलेल्या वस्तूवर जमीनमालकाचा हक्क सापडविणाऱ्याच्या हक्काहून वरचढ असतो. हे तत्त्व सोन्याला लागू तसे शिशाच्या गोळ्यालाही लागू आहे, आणि म्हणून शेतकऱ्याशी आधीच करार केलेला नसेल तर भंगाराची बादलीही त्याचीच. दुसरा प्रश्न विक्रीचा. चर्चच्या छपरांवरील शिसे आणि रेल्वेच्या तांब्याच्या तारा चोरीस जाऊ लागल्याने इंग्लंड-वेल्समध्ये डिसेंबर २०१२ पासून भंगारासाठी रोख पैसे देण्यास बंदी झाली, आणि २०१३ च्या कायद्याने भंगारवाल्याला परवाना घेणे, तसेच विकणाऱ्याचे नाव-पत्ता कागदपत्रांवरून पडताळून नोंदविणे सक्तीचे केले. महायुद्धात कोसळलेल्या लष्करी विमानांचे ॲल्युमिनियम तर विकण्याआधीच वर्ज्य आहे. १९८६ च्या कायद्यानुसार अशा जागा संरक्षित असून तेथे संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय खणता येत नाही. तोफगोळा किंवा बॉम्ब निघाला तर त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे, हे सांगणे अनावश्यक वाटेल, परंतु शोभेची वस्तू म्हणून तो घरी नेणारेही आढळतात.

एकविसाव्या शतकात भंगाराचा प्रवाह पुन्हा शहराकडून शेताकडे वाहू लागला आहे. नगरपालिकांनी घराघरांतून जमविलेला बागेतला पालापाचोळा कुजवून तयार झालेले खत शेतकऱ्यांना पुरविले जाते, आणि त्यात पाल्याबरोबर आलेले डबे, चकचकीत वेष्टने, बॅटऱ्या आणि तारा दळणयंत्रातून बारीक होऊन शिवारभर पसरतात. या खताच्या ब्रिटिश मानकात दोन मिलिमीटरहून मोठ्या काच, धातू व प्लास्टिकच्या तुकड्यांवर मर्यादा घातलेली आहे. त्या मानकाचे नाव ‘पास १००’ असे असून जुन्या वस्तू नोंदविणाऱ्या योजनेच्या आद्याक्षरांशी त्याचे साम्य हा निव्वळ योगायोग होय. धातूचा प्रत्यक्ष कण त्याहून लहान असला तरी आजची संवेदनशील यंत्रे त्यावर ओरडतात, आणि ॲल्युमिनियम लोखंडासारखे गंजून नाहीसे होत नसल्याने हे तुकडे दरवर्षीच्या नांगरणीत मातीत अधिकाधिक मिसळत जातात. बारीक पातळ चांदीच्या मध्ययुगीन नाण्याचा आवाज त्या गोंगाटात ओळखू येत नाही. त्यामुळे असे खत पडलेली शेते शोधकांनी सोडून दिल्याची उदाहरणे आहेत, आणि रणभूमींची पद्धतशीर पाहणी करू इच्छिणाऱ्या पुरातत्त्वज्ञांचाही मार्ग तेथे तितकाच बंद झाला आहे. १९८० मधील तंट्यातील दोन्ही पक्षांचे गाऱ्हाणे आता एकच आहे, आणि ते नगरपालिकेच्या खतखात्याकडे आहे.